कंसाच्या मिशीतला येशू

मच्छिंद्र मेला की लोक शिट्ट्या वाजवतात. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, खरंच वाजवतात. गणपतीत मांडवगण फराट्याच्या चौकात मी स्वतः पाहिलंय. कृष्णाने छातीवर पाय ठेवला, भोंग्यातून ढग गडगडले आणि कंस झालेला मच्छिंद्र आधी गुडघ्यावर आला, मग आडवा झाला, मग पुन्हा उठला, सिंहासनाला धरून दोन पावलं चालला, प्रेक्षकांकडे डोळे वटारले आणि शेवटी एकदाचा पडला. तोवर माझ्या हातातलं कणीस खाऊन झालं होतं.

"इतका वेळ कुणी मरतं का रे?" मी नंतर त्याला विचारलं.

"बाई, पब्लिक त्याच्यासाठीच थांबलेलं असतंय," तो म्हणाला. "झटक्यात मेलो तर विश्वजीतदादा रागावत्यात."

विश्वजीत हा शिरूरचा. त्याची जिवंत देखाव्यांची मंडळी आहे. म्हणजे मंडपात खरी माणसं रंगून उभी राहतात, बोलणं आधीच भरून आणलेलं असतं आणि माणसांनी फक्त ओठ आणि हातपाय हलवायचे. एक प्रयोग संपला की गर्दी पुढे सरकते आणि तोच प्रयोग परत सुरू होतो. त्यामुळे मच्छिंद्र एका संध्याकाळी किती वेळा मरतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. विश्वजीत गोरापान, नाक सरळ, म्हणून राम, कृष्ण, विष्णू ही सगळी कामं त्याच्याकडे. मच्छिंद्र उन्हात रापलेला, काळाकुट्ट, छाती दाराएवढी, म्हणून रावण, कंस, महिषासुर आणि अधूनमधून यम. गोरा तो देव आणि काळा तो राक्षस, ही विश्वजीतची वाटणी. "अरे, राम आणि कृष्ण दोघंही सावळे होते," असं मी त्याला एकदा सुनावलं.

"म्हणून तर निळा रंग लावतो की बाई," तो म्हणाला.

या माणसाशी वाद कसा घालायचा?

मच्छिंद्र भांडगावचा, धंद्याने गवंडी. दौंडमध्ये माझ्या घराची कंपाउंडची भिंत त्यानेच बांधली. भिंत सरळ आहे आणि अजून उभी आहे, आणि माझ्या तोंडून कुणाचं याहून जास्त कौतुक निघत नाही. त्याच भिंतीवर गिलावा करताना एक दिवस तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "ऋतिका आता देखाव्याला येत न्हाई."

ऋतिका त्याची मुलगी, चौथीत. शाळेत पोरं तिला 'कंसाची पोरगी' म्हणून चिडवतात. डबा खाताना तिच्याजवळ बसलं तर कंस येऊन मारील, असंही कुणीतरी उठवून दिलेलं. या गणपतीत तिने बापाला तोंडावर सांगितलं, "तुम्ही दर टायमाला मरता आन् लोक खूश हुत्यात. मी न्हाई येनार."

"एकदाच यावी," मच्छिंद्र भिंतीला म्हणाला. "म्होरल्या रांगेत बसावी आन् मान खाली घालू नये. येवढंच."

मी चहा टाकायला आत गेले.

आता आमच्या चर्चचं सांगते. मी दौंडच्या शाळेत शिकवते आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीची सेक्रेटरी आहे, म्हणजे खुर्च्या मांडणं आणि भांडणं मिटवणं ही दोन्ही खाती माझ्याकडे. नाताळच्या संध्याकाळी अर्धं दौंड आमच्या आवारात रोषणाई बघायला येतं आणि येताना प्रश्न घेऊन येतं. सांताक्लॉज येशूचे वडील की चुलते? तुमचा देव इंग्लंडमध्ये कुठल्या गावचा? माझ्या शाळेतल्या एका बाईंना मी दरवर्षी सांगते की मुंबईहून लंडनपेक्षा जेरुसलेम जवळ आहे. त्या दरवर्षी नवल करतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. शेवटी आमचे पाळकसाहेब, शांतवन त्यांचं नाव, तरुण आणि भलतेच काटेकोर, म्हणाले, "लोक येतातच, तर येशूचं सगळं आयुष्य दाखवू या. जन्मापासून पुनरुत्थानापर्यंत." मी विश्वजीतला फोन केला.

तो आला तो सोनेरी केसांचा टोप घेऊनच. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची बैठक चर्चच्या हॉलमध्ये भरली होती. विश्वजीतने टोप टेबलावर ठेवला, शेजारी निळ्या लेन्सची डबी ठेवली आणि कामांची वाटणी सांगितली. "येशू माझ्याकडं. मच्छिंद्र हेरोद राजा. हेरोद म्हंजी तुमचा कंसच की वो, तान्ही पोरं मारणारा. ड्रेस बी तोच चालंल, मिशी बी."

त्या संध्याकाळी तो जे काही बोलला त्यातलं एवढंच बरोबर होतं. मच्छिंद्र कोपऱ्यात बसून कंसाची मिशी नीट चिकटते का ते बघत होता.

आमच्या कमिटीतले सगळ्यांत वडील म्हणजे दाविदआप्पा. रेल्वेतून निवृत्त, आवाज अजून इंजिनाचा. ते खूश झाले. "छान! आणि बाळ येशूला भेटायला येणारे ते तीन राजे माझे तिन्ही जावई. नाताळला येतायत, मी शब्द देऊन बसलोय. मुकुटसुद्धा शिवायला टाकलेत."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "आप्पा, ते राजे नव्हते. ताऱ्यांचे जाणकार होते. आणि ते तीन होते असं कुठंच लिहिलेलं नाही. आणलेल्या भेटवस्तू तीन होत्या, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली."

"मग आता कुठला जावई काढू?" दाविदआप्पांनी विचारलं, आणि हॉलमध्ये कुणाला हसायची हिंमत झाली नाही.

पाळकसाहेब तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा स्वभाव गिलाव्याच्या पोपड्यासारखा, एक निघाला की सगळे निघतात. पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलातल्या शुभवर्तमानात नाही, ती पुढे कित्येक वर्षांनी ठरली. येशू जन्मला तो इसवी सन सुरू होण्याच्या चार-सहा वर्षं आधी असावा, कारण हेरोद राजाच त्या सुमारास मेला.

"म्हणजे ख्रिस्त ख्रिस्ताच्या आधी जन्मला?" दाविदआप्पा उभे राहिले.

"सन मोजणाऱ्याचा हिशोब चुकला, आप्पा. येशूचा त्यात काय दोष?"

"पुढं?"

"पुढं म्हणजे तो यहुदी होता. आई यहुदी, शिष्य यहुदी, प्रार्थना यहुद्यांच्या. ख्रिस्ती हा शब्द त्याने हयातीत ऐकलेलाही नसणार."

"येशू आपल्या मंडळीचा सभासद नव्हता?"

"नव्हता."

मी मनात म्हटलं, आमच्या नियमांप्रमाणे त्याला पंच कमिटीच्या निवडणुकीलाही उभं राहता आलं नसतं. पण मी सेक्रेटरी आहे, गप्प बसले.

मग पाळकसाहेबांनी तो सोनेरी टोप दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. "आणि हे नको. तो दिसायला कसा होता ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. पण तिकडच्या गालील प्रांतातल्या उन्हातला माणूस, काळ्या केसांचा, काळ्या डोळ्यांचा, सावळाच असणार. केसही बहुतेक आखूडच. आपण सुतार म्हणतो, पण तिथं तो धंदा बांधकामाचाही होता, लाकूड आणि दगड दोन्ही. तिशी ओलांडलेला, राठ हातांचा, अंगमेहनतीचा माणूस डोळ्यांपुढे आणा."

सगळ्यांनी तो डोळ्यांपुढे आणला. मग एकेक मान हळूहळू कोपऱ्याकडे वळली. तिथं मच्छिंद्र कंसाची मिशी लावून चहात खारी बुडवत होता. मिशीचं एक टोकही चहात बुडालं होतं.

"काय झालं?" तो म्हणाला.

दाविदआप्पांचा तोल सुटला. "माझ्या बापापासून घरात कॅलेंडरवरचा येशू आहे. निळे डोळे, सोनेरी केस. आईने त्याच्यासमोरच प्रार्थना करत प्राण सोडला. तो काय खोटा?"

मला त्यांचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही घरात तोच फोटो आहे आणि डोळे मिटले की मलाही तोच दिसतो. पाळकसाहेबही जरा मऊ झाले. "आप्पा, आईंची प्रार्थना खरी होती. चित्रकाराने आपल्या गावची माणसं बघून चित्र काढलं, एवढंच. आपण आपल्या गावचा माणूस उभा करू."

"पण हा मांडवगणात राक्षस होतो!" दाविदआप्पा म्हणाले आणि काठी घेऊन निघून गेले. निघताना तिन्ही जावयांना राजाच करायचं, हे मात्र बजावून गेले.

विश्वजीतचं तोंड एवढंसं झालं होतं. "मी काय राक्षस करू?"

"राक्षस कुठं? राजा आहे," मी म्हटलं. "मुकुट आहे, मखमल आहे, सिंहासन आहे."

त्याने विचार केला. मग हळूच विचारलं, "हेरोदाला सोनेरी टोप चालंल का?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना करत होते की राग गिळत होते, कळलं नाही. "चालेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र माझ्याकडे आला. घरात आला नाही, स्वतः बांधलेल्या भिंतीवरच बसला. "बाई, एक विचारू? त्यात मरायचं हाय का?"

"आहे."

"मग नगं," तो म्हणाला. "द्या दुसऱ्याला. ऋतिकाला सांगितलं, देवाचं काम मिळालंय. पयल्यांदा हसली. म्हनली, येते, पर मेलात तर मी उठून जाईन. मला वाटलं, देव हाय, कशाला मरतोय."

या प्रश्नावर लोकांनी दोन हजार वर्षं डोकं खाजवलंय आणि इथं भांडगावचा गवंडी माझ्या भिंतीवर बसून तोच प्रश्न घेऊन आलेला. मी त्याला पुढचं सांगितलं. मेला, गुहेत ठेवला, गुहेच्या तोंडावर दगड लावला, आणि तिसऱ्या दिवशी उठला.

"उठला?" मच्छिंद्रने मान वर केली. "मंग कुणी मारलं परत?"

"परत नाही. एकदाच मेला, एकदाच उठला."

आपल्या कामात उठायचंसुद्धा असतं, ही गोष्ट त्याला नवीन होती. तो भिंतीवरून उतरला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. संध्याकाळी फोन आला. ऋतिकाने बरीच उलटतपासणी घेतली होती. खरंच उठतात का? व्हय. कवा? तिसऱ्या दिशी. मग आपण तीन दिस दौंडलाच राहायचं का? न्हाई गं, देखाव्यात लगीच उठत्यात.

"बघते," असं ती म्हणाली होती. मच्छिंद्रला तेवढं पुष्कळ होतं.

तालमी सुरू झाल्या आणि माझी झोप उडाली. क्रुसावर मच्छिंद्र कंसासारखाच मरायचा. हात झाडायचा, डोळे वटारायचा, एकदा तर अख्खा क्रूसच हलवला. पाळकसाहेब खालून ओरडायचे, "मच्छिंद्र, शांतपणे! मान टाका आणि संपवा!" तिकडे विश्वजीतला राक्षसी हसणं जमेना. मच्छिंद्रच त्याला मागे नेऊन शिकवायचा, "पोटातनं, दादा. नाकातनं न्हाई." बांधकामाच्या प्रसंगासाठी त्याने घरून थापी आणि ओळंबा आणला आणि तालमी चालू असताना रचलेल्या दगडांची एक चांगली कंबरभर भिंत खरोखरच उभी केली. बायकांनी बाळ येशूच्या गव्हाणीवर कापसाचा बर्फ अंथरला. बेथलेहेमात त्या रात्री बर्फ होता असं कुठं आहे, असं पाळकसाहेब म्हणायला लागले तेव्हा मी त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं की कापूस निघाला तर बायकाही चर्चमधून निघतील. कापूस राहिला.

नाताळच्या संध्याकाळी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मंचामागे, गुहेला खेटून, आवाजाच्या मशीनपाशी बसले होते. गुहा विश्वजीतची, गोणपाटाची, महाशिवरात्रीला अमरनाथ म्हणून वापरलेली. तिच्या तोंडावर थर्माकोलचा धोंडा. गोणपाटाच्या फटीतून मला पहिली रांग दिसत होती. ऋतिका आईच्या शेजारी बसली होती, दोन वेण्या, लाल रिबिनी, हाताची घडी आणि चेहरा परीक्षा घ्यायला आल्यासारखा. रांगेच्या टोकाला दाविदआप्पा काठीवर हनुवटी टेकून. रुसले असले तरी जावयांचे मुकुट त्यांना बघायचेच होते.

तिन्ही जावई ऐटीत आले आणि गेले. विश्वजीत सोनेरी टोपात हसला, पोटातनं हसला, आणि पोरं घाबरली. मच्छिंद्र थापी घेऊन आला तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए कंस!" थोडं हसू झालं. ऋतिकाची मान खाली जायला लागली. मी तिथून काय करणार? मशीनचं बटण धरून बसले होते.

पण मच्छिंद्र थांबला नाही. त्याने भिंत रचली, आजाऱ्याच्या डोक्यावर तो सिमेंटने फाटलेला हात ठेवला, भाकरी मोडून वाटली. हळूहळू लोक हसायचे थांबले. क्रुसावर त्याने एकदाच आभाळाकडे बघितलं, मान टाकली आणि संपवलं. हात झाडले नाहीत, काही नाही. शिपायांनी त्याला उतरवून गुहेत आणून निजवलं, धोंडा लावला.

बाहेर कुणी हूं की चूं करेना. गोणपाटापलीकडून कुजबुज आली, "बाई, टाळी न्हाई. शिट्टी बी न्हाई. पडलं का वो?"

"गप्प मर," मी म्हटलं.

"सगळा सत्यानाश केला मी. पोरगी गेली का उठून?"

मी फटीतून बघणार तेवढ्यात लाइट गेली. आमच्या आवाराची, रस्त्याची, पलीकडच्या वस्तीची, सगळीच. मशीन बंद. पुनरुत्थानाचं संगीत त्यात, देवदूताचं बोलणं त्यात, सगळं आत अडकून बसलं. अंधारात शेकडो माणसं आणि गुहेत मेलेला येशू. पाळकसाहेब कुठंतरी जनरेटरवाल्याला हाका मारत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चच्या आवारात शिवी दिली.

आणि पहिल्या रांगेतून, अगदी स्पष्ट, थोडा रडका आणि बराचसा चिडका आवाज आला, "बाबा, झालं की आता तीन दिस! उठा ना!"

लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं. ते तिच्या बाजूने हसत होते. कुणीतरी म्हणालं, "व्हय, उठा!" आणखी कुणी म्हणालं. मोबाइलचे दिवे एकेक करून लागायला लागले.

"बाई, आवाज?" गोणपाटामागून मच्छिंद्र.

"आवाज नाही. तूच बोल."

"मी? मी कवाच बोललेलो न्हाई. नुसतं तोंड हलवतो मी."

"पोरगी बोलावतेय, दगड ढकल आणि बोल."

थर्माकोलचा धोंडा गडगडत मंचाखाली गेला. मच्छिंद्र बाहेर आला. त्या शेकडो दिव्यांत त्याचे डोळे दिपले, केसांत गोणपाटाचे धागे अडकलेले, थंडीने अंगावर काटा. देवदूताचे शब्द त्याला पाठ नव्हते, येशूचेही नव्हते. तो मंचाच्या कडेला आला, पहिल्या रांगेकडे बघितलं आणि भांडगावच्या गवंड्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रडू नगा. उठलोय मी. हाय हितंच."

मग टाळ्या पडल्या. पडतच राहिल्या. इतकी वर्षं तो पडला की टाळ्या यायच्या, आज उठल्यावर आल्या, आणि त्याला त्या कशा घ्यायच्या तेच कळेना. तो हात जोडून नुसता उभा राहिला. ऋतिका खुर्चीवर चढून सगळ्यांत मोठ्याने वाजवत होती. दाविदआप्पा उठले, काठी टेकत मंचापाशी गेले आणि मच्छिंद्रच्या राठ हातावर आपला हात ठेवला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी मशीनवर डोकं ठेवून रडत होते, हे इथं सांगून टाकते, कारण विश्वजीतने ते सगळ्यांना सांगितलेलंच आहे.

दाविदआप्पांच्या घरात कॅलेंडरवरचा येशू अजून तिथंच आहे. मी तरी काढा म्हणाले नाही. माझाही तिथंच आहे.

नाताळनंतर मच्छिंद्र भांडगावचे पेढे घेऊन आला. ऋतिकाच्या शाळेत आता तिला कुणी कंसाची पोरगी म्हणत नाही. डबा खायला तिच्याजवळ पोरं भांडतात. अख्खी शाळा तिला नवीन नावाने ओळखते, येशूची पोरगी. चौथीतल्या एका पोराने तर गुरुजींना सांगितलं, येशूला मुलगी होती, ती आमच्या वर्गात आहे.

पाळकसाहेब समोरच बसले होते. तीन राजे, पंचवीस डिसेंबर, इसवी सन, निळे डोळे, या माणसाने कुणाचीही भीड न ठेवता सगळं दुरुस्त केलेलं. येशूला मुलगी असल्याचं कुठंही लिहिलेलं नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी तोंड उघडलं, मच्छिंद्रच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आपल्या उघड्या तोंडात एक पेढा टाकला.